एका लॅपची ताकद, दहा लॅपचा ताप

डायनोचा कागद आणि नोकरीचा बायोडेटा यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत लिहिलेलं सहसा खोटं नसतं. फक्त ते ज्या परिस्थितीत खरं असतं ती परिस्थिती प्रत्यक्ष कामाच्या दिवशी उगवत नाही. गाडी पट्ट्यांनी जागच्या जागी बांधलेली, बॉनेट उघडं, समोर भलामोठा पंखा, आणि इंजिनाने पूर्ण जोर लावायचा तो दहा-पंधरा सेकंद. तेवढ्यात जो आकडा येतो तो छापून घ्यायचा, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. मग अभिनंदनांचा पाऊस. हाच आकडा विसाव्या मिनिटाला किती होता, हे मात्र कोणी विचारत नाही.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे टर्बो गाडीवर पहिला खर्च ताकद वाढवण्यावर होतो आणि शेवटचा (उरलेच पैसे तर) ती थंड ठेवण्यावर. हा क्रम उलटा हवा. थोडासुद्धा नाही, पूर्ण उलटा.

हा विषय आता मूठभर श्रीमंतांचा राहिलेला नाही म्हणून लिहितोय. २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली, १.२ लिटरचं इंजिन आणि १०५ पीएस. तेव्हा 'टर्बो पेट्रोल' म्हटलं की लोक भुवया उंचावायचे. मग २०१७ ची बलेनो आरएस, २०२० मधलं पोलोचं १.० लिटरचं इंजिन, २०२४ ची अल्ट्रोझ रेसर. चाकणची पोलो २०२२ मध्ये बंद झाली, पण तोवर आयटीतल्या एका पिढीची ती पहिली 'खरी' गाडी होऊन गेली होती. हप्ते अजून फिटायचेत, वॉरंटी नुकतीच संपलीय, आणि लॅपटॉप लावून अर्ध्या तासात तीस-पस्तीस अश्वशक्ती वाढवून देणारा माणूस प्रत्येक शहरात आहे. मग सुट्टी टाकून कोइमतूरचा कारी, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, नाहीतर थेट ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. पहिले दोन लॅप स्वर्ग. चौथ्याला गाडी 'जरा जड' वाटते. सहाव्याला ड्रायव्हर म्हणतो, टायर गेले वाटतं.

टायर नाही रे बाबा, गाडीने स्वतःच हात आखडता घेतलाय.

आपल्या धंद्यातल्या माणसाला हे पटवायला खरं तर एक वाक्य पुरावं. इंटेलने २००८ मध्ये प्रोसेसरमध्ये जे आणलं त्याचं नावच 'टर्बो बूस्ट'. थोडा वेळ घड्याळ वाढवायचं, तापमान चढलं की मुकाट्याने खाली यायचं. पातळ देखणा लॅपटॉप बेंचमार्कमध्ये पहिला येतो, आणि वीस मिनिटांचं बिल्ड लावलं की शेजारच्या जाड्या, कुरूप मशीनच्या मागे पडतो. गाडीचा ईसीयू हेच करतो. आत येणारी हवा गरम झाली की इग्निशन मागे घेतो, नॉकची चाहूल लागली की आणखी मागे घेतो, बूस्ट कापतो. तुम्ही पैसे मोजून घेतलेली ताकद तो तुमच्याच देखत परत घेतो, आणि डॅशबोर्डवर एक दिवासुद्धा लागत नाही.

हिशेब करून बघू. पेट्रोल इंजिनात जळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांकडे जाते, एक तृतीयांशाहून थोडी जास्त सायलेन्सरमधून बाहेर पडते, आणि बाकीची बहुतेक पाण्यातून नि तेलातून काढावी लागते. १४० पीएस म्हणजे साधारण १०० किलोवॅट. ट्रॅकवर निम्मा वेळ पूर्ण थ्रॉटल धरला तरी पाण्यात सरासरी चाळीसेक किलोवॅट उष्णता ओतली जाते. घरचा गिझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे बॉनेटखाली वीस गिझर, सलग वीस मिनिटं. महामार्गावर ८० च्या वेगाने जाताना त्याच गाडीला बारा-पंधरा किलोवॅट पुरतात, त्यामुळे रेडिएटर दिवसभर गाणी ऐकत बसल्यासारखा असतो. कंपनीने तो कसारा घाटात एसी लावून चढता येईल अशा बेताने दिलेला असतो. तुमच्या ट्रॅक डेसाठी नाही. यात कंपनीचा काही दोष नाही. तुम्हीही दहा जणांच्या स्वयंपाकघरात हजाराची पंगत उठवत नाही.

आता टर्बोचं स्वतःचं गणित. हवा दाबली की तापते, सायकलचा पंप ज्याने मारलाय त्याला हे माहीत आहे. बाहेर ३५ अंश आहे, कॉम्प्रेसर हवा दुप्पट दाबाला नेतोय आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के आहे असं धरलं, तर बाहेर पडणारी हवा १३० अंशांच्या आसपास निघते. इंटरकूलरने ती ५५ पर्यंत आणली तर तेवढ्याच दाबात जवळपास २३ टक्के जास्त हवा मावते. नाही आणली तर बूस्ट गेज तोच दाब दाखवत राहतो आणि सिलिंडरमध्ये जातं गरम, विरळ, नॉक करायला टपलेलं मिश्रण. बूस्ट गेज हे म्हणूनच मला जगातलं सगळ्यात खोटारडं यंत्र वाटतं. (जाता जाता: ई२० ला मनसोक्त शिव्या देणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इथेनॉलची बाष्पीभवनाची उष्णता वजनाला वजन पेट्रोलच्या सुमारे अडीच पट असते, त्यामुळे ते सिलिंडर आतून थोडं गार करतं. मायलेजचं रडगाणं खरं आहे, पण नाण्याला ही बाजूही आहे.)

आणि इथेच आपल्या हवामानाचा मुद्दा येतो, जो युरोपातून आयात केलेल्या फाइलीत आणि किटमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. जर्मनीत बाहेर १५ अंश असेल आणि पाणी १०० वर असेल तर फरक ८५. आपल्याकडे बाहेर ३८ असेल तर फरक ६२. तोच रेडिएटर, तेच पाणी, तोच पंखा, आणि पाव भागाहून जास्त क्षमता घरबसल्या गायब. शिवाय डांबराच्या एक फूट वरची दुपारची हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा गरम असते ती वेगळीच. 'परदेशात हजारो गाड्यांवर तपासलेलं आहे' हे वाक्य मला म्हणूनच दिलासा देत नाही.

हे दुखणं जुनं आहे. रेनॉने जुलै १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनमधली पहिली टर्बो गाडी उतरवली. दीड लिटरचं इंजिन, पिवळा रंग, आणि इतक्या वेळा धूर सोडत थांबली की तिचं नाव पडलं 'पिवळी किटली'. लोक हसले. पण रेनॉचे इंजिनिअर दोन वर्षं चिकटून राहिले आणि १ जुलै १९७९ ला दिजाँमध्ये तीच कंपनी टर्बोवर पहिली शर्यत जिंकली. ताकद तर त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. दोन वर्षं गेली ती इंजिन शेवटच्या लॅपपर्यंत जिवंत ठेवायला शिकण्यात.

आता थोडं विषयांतर, पण मुद्दाम. उष्णता कशी टाकावी हे शिकायला ट्रॅकपेक्षा चांगली जागा म्हणजे डहाणू तालुक्यातलं वरोर. हसू नका. चिंचणीहून डहाणूकडे जाणाऱ्या किनाऱ्यावरचं हे मच्छीमारांचं गाव. दक्षिणेला तारापूरचं अणुवीज केंद्र, उत्तरेला डहाणूचं ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र. दोन्ही समुद्राला खेटून का आहेत? कारण तिथेही तोच ढोबळ हिशेब आहे. तारापूरचा ५४० मेगावॅटचा एक संच वीज करताना तिच्या दुपटीहून जास्त उष्णता समुद्राच्या हवाली करतो. तिथे वीज निर्माण करण्याइतकंच उष्णतेची विल्हेवाट लावणं हे मुख्य काम आहे, आणि जागा ठरवताना तो विचार आधी झाला, मागाहून नाही.

मासेमारी बोटीचं इंजिन बघा. डिझेल, तासन्‌तास एका लयीत, ओझं घेऊन. त्याला समोरून वारा लागत नाही, बॉनेट स्कूप नाही, काही नाही. आहे तो समुद्र. एक लिटर पाणी तेवढ्याच आकाराच्या हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं. पण मला जास्त आवडते ती दुसरी गोष्ट. थंड करून आलेलं पाणी बोटीच्या बाजूने धार धरून बाहेर पडतं, आणि तांडेलाची नजर येता-जाता त्या धारेवर असते. धार बारीक झाली की इंजिन कमी करायचं आणि बघायचं कुठे कचरा अडकलाय. तापमान वाढायची वाटच बघायची नाही! प्रवाह आधी बिघडतो, तापमान नंतर. आपल्या गाडीतला काटा याच्या बरोबर उलटा. अनेक गाड्यांत तो मुद्दाम 'शांत' केलेला असतो. पाणी ८० वर असो की १०५ वर, काटा ९० वर ध्यान लावून बसतो, का तर गिऱ्हाईक घाबरू नये. कित्येक गाड्यांत काटाच नाही, निळा दिवा आणि लाल दिवा. लाल लागला तेव्हा बातमी शिळी झालेली असते.

म्हणून पहिला खर्च, हजार-दोन हजारांचा: ओबीडीत लावायचं ब्लूटूथ यंत्र आणि फोनवर लॉग. पाण्याचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, इग्निशन किती मागे गेलंय ते, आणि गाडी देत असेल तर तेलाचं तापमान. प्रॉडक्शनमध्ये मॉनिटरिंगशिवाय कोड सोडणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे लिहिता येत नाही. मग स्वतःच्या इंजिनाला वेगळा न्याय का?

वरोरचीच आणखी एक गोष्ट. या पट्ट्यात बोंबील वाळत घालतात ते बांबूंवर, एकेक सुटा, मधून वारा खेळेल असा. एकावर एक रचून कोणी वाळवत नाही. मागच्याला वारा मिळणार कसा? आपण मात्र गाडीच्या नाकाशी नेमकं तेच करतो. आधी एसीचा कंडेन्सर, मागे रेडिएटर, आणि आता हौसेने त्यांच्या पुढे चार इंच जाडीचा चकचकीत इंटरकूलर. इंटरकूलरमधून तापून निघालेली हवा मागच्या रेडिएटरला मिळते. इनटेक गार झालं आणि पाणी उकळलं, असा हा व्यवहार. इंटरकूलर वाईट म्हणत नाही. पण तो जाडीत वाढवण्यापेक्षा रुंदीत, उंचीत वाढवा, आणि आधी फुकटचं काम करा: बंपर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटी बंद करा. हवा आळशी असते. जाळीतून घुसायच्या ऐवजी बाजूने वाट मिळाली तर ती बाजूनेच जाणार. फोम, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि एक रविवार, एवढ्यात जो फरक पडतो तो महागड्या रेडिएटरने पडेलच असं नाही.

आत आलेल्या हवेला बाहेरही पडता आलं पाहिजे. बॉनेटला मागच्या बाजूने वॉशर घालून उचलून धरायची फॅशन आहे. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी वेगात हवेचा दाब वाढलेला असतो, म्हणून तर केबिनमध्ये येणारी हवा गाड्या तिथूनच घेतात. तिथे फट ठेवली तर गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरची आत शिरायची शक्यता जास्त. व्हेंट करायचेच तर बॉनेटच्या पुढच्या-मधल्या भागात, जिथे दाब कमी असतो तिथे. पण भोकं पाडण्याआधी दोनदा विचार करा, जुलै महिना येतोच.

पोलोच्या टीएसआय इंजिनांत प्रकरण आणखी मजेशीर आहे. इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलाय आणि तो पाण्यावर चालतो. त्याचं पाण्याचं सर्किट वेगळं, छोटा इलेक्ट्रिक पंप वेगळा, पुढे रेडिएटर वेगळा. शहरात अप्रतिम. सिग्नल सुटला, दाबली, पुढचा सिग्नल, तोवर पाणी गार. ट्रॅकवर मधला सिग्नलच नसतो. काही लॅपनंतर ते पाणी तापून बसतं आणि लवकर उतरत नाही. यावर उपाय म्हणून पाण्याची मोठी टाकी लावतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हे क्यूची लांबी वाढवण्यासारखं आहे. सिस्टिम कोसळायला दोन मिनिटं उशीर होईल; काम उपसण्याचा वेग तेवढाच राहील. वाढवायचा तर पुढचा रेडिएटर.

तेलाबद्दल थोडक्यात, कारण इथे वाद नाही. पाणी ९५ ला ठीक दिसत असताना तेल १४० च्या पुढे गेलेलं असू शकतं. ते पातळ होतं, आणि टर्बोची बेअरिंग, क्रँकची बेअरिंग याच एका थराच्या जिवावर फिरत असतात. थर्मोस्टॅट असलेला ऑइल कूलर आणि ट्रॅकनंतर तेल बदल. थर्मोस्टॅटशिवायचा नको, पुण्याच्या डिसेंबरात तेल तापणारच नाही.

इंजिन एकदा खरोखर तापलं की काय होतं, हे सांगायला पुन्हा वरोरला यावं लागेल. या भागात सोन्याचांदीच्या दागिन्यांचे डाय कोरणारे छोटे छोटे कारखाने आहेत. डाय कोरला की त्याला भट्टीत तापवून पाणी पाजायचं; तेच पोलाद, पण किती तापलं आणि किती झपाट्याने निवलं यावर ते कठीण होतं की कुचकामी हे ठरतं. इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं हेडही असंच उष्णतेचे संस्कार करून कठीण केलेलं असतं. ते मर्यादेबाहेर तापलं की नुसतं वाकडं होत नाही, मऊही पडतं. वाकडेपणा मशिनवर घासून काढता येतो. उतरलेलं पाणी परत चढत नाही. 'हेड फेस करून घेतलंय, आता एकदम ओके' म्हणत विकायला काढलेल्या गाडीपासून म्हणूनच दूर राहावं.

ब्रेकचा विषय मी शेवटी घेतोय, पण खर्चात तो पहिल्या दोनात हवा. इंजिन गेलं तर पैसे जातात. १२०० किलोची गाडी १६० वरून ६० वर आणली की एक मेगाज्यूल उष्णता डिस्कमध्ये जाते. तेवढ्यात तीन लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. हे प्रत्येक मोठ्या वळणाआधी, प्रत्येक लॅपला. ताकद वाढवली म्हणजे वळणाशी पोचतानाचा वेग वाढला, आणि ही उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषतं, आणि तीन-चार टक्के पाणी शिरलं की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरलेली चालते असं मानकच सांगतं. कोकणपट्टीत, मुंबईत, जिथे पावसाळ्यात मीठसुद्धा डब्यात ओघळतं, तिथे दोन वर्षांचं ब्रेक ऑइल घेऊन ट्रॅकवर जायचं म्हणजे पेडल जमिनीला टेकण्याची वाट बघायची. नवं ऑइल आणि बरे पॅड यांचा खर्च रिमॅपच्या चौथाईसुद्धा नसतो. तरी आधी रिमॅप होतो, कारण ब्रेक ऑइलचा फोटो टाकला तर लाइक मिळत नाहीत :)

यावर नेहमी येणारा आक्षेप: 'आम्ही कुठे रोज ट्रॅकवर जातो? वर्षातून एकदा. बाकी हायवेवरच मजा करतो.' या वाक्यानेच मला जास्त भीती वाटते. मुंबईहून डहाणूला जाताना चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल लागतो. ४ सप्टेंबर २०२२ ला तिथे सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले, आणि ती गाडी सुरक्षिततेसाठी नावाजलेली होती. उद्या वाढवण बंदरासाठी आखलेला बत्तीसेक किलोमीटरचा महामार्ग तव्यापर्यंत (गावाचं नावच तवा, मी काय करू!) पूर्ण होईल, तेव्हा शनिवारी पहाटे तिथे कोण येणार हे मला आत्ताच दिसतंय. त्याच रस्त्यावरून कोणीतरी मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघालेलं असेल. ट्रॅकवर फार तर तुमचे हप्ते धोक्यात असतात. आणि हो, तुमची मोटर पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' वाचा. संघटित रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग त्यात वगळलेलं असतं. ट्रॅकवर फुटलेलं इंजिन विमा कंपनीच्या गळ्यात मारता येईल या भ्रमात राहू नका.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: एवढं सगळं करायचं तर गाडी स्टॉक ठेवलेली काय वाईट? काहीच वाईट नाही. बहुतेकांनी तेच करावं असं माझं मत आहे. नवं ब्रेक ऑइल, बरे पॅड, ताजं तेल, बंद केलेल्या फटी, आणि मूळ ताकद. अशी गाडी दहाव्या लॅपला रिमॅप केलेल्या, तापून बसलेल्या गाडीच्या पुढे असेल, आणि संध्याकाळी तीच तुम्हाला घरी आणेल. तरीही ताकद हवीच असेल तर ट्यूनरला डायनोचा कागद मागू नका. मे महिन्यातल्या दुपारच्या पंधरा मिनिटांचा लॉग मागा, त्यात इनटेकचं तापमान आणि इग्निशनचा रकाना पाहिजे. जो देईल त्याच्याकडे जा, दोन पैसे जास्त घेतले तरी.

बाकी बारीकसारीक. रेडिएटर कॅप जुनी झाली असेल तर बदला. पाण्यावरचा दाब टिकला नाही तर ते लवकर उकळतं. कूलंट निम्मं-निम्मं ही थंडीच्या देशाची सवय आहे, आपल्याकडे पाण्याचं प्रमाण थोडं वाढवलं तर उष्णता जास्त वाहते, फक्त गंजरोधक हवंच आणि पाणी डिस्टिल्डच. शेवटचा लॅप हळू मारा, पिटमध्ये आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, नाहीतर टर्बोतलं तेल जागच्या जागी करपतं. हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा. आणि लॅपच्या मध्येच पाणी चढायला लागलं तर एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर चारवर. केबिनमधला हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच. मे महिन्यात चेन्नईला, हेल्मेट घालून, तोंडावर हीटर सोडून पिटपर्यंत यायला तीन-चार मिनिटं लागतात.